थंड समुद्रातलं उथळ बुडालेलं जहाज: मराठवाड्यात बसून तयारी कशी करायची?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. लातूर-नांदेडकडच्या चार डायव्हरांचा गट एप्रिलअखेर इंग्लंडमध्ये प्लिमथजवळच्या व्हिटसँड बे खाडीत उतरणार आहे. चौघंही ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर (डायव्हिंगचा दुसऱ्या टप्प्याचा कोर्स) झालेले, पण सवय तारकर्ली, नेत्राणी आणि अंदमानच्या पाण्याची. म्हणजे २६ ते २९ अंश, तीन मिलिमीटरचा सूट, अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर. तिकडं एप्रिलात पाणी १० अंशांच्या आसपास असतं.

जहाज ठरलंय ते 'जेम्स ईगन लेन'. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लिबर्टी जातीचं मालवाहू जहाज. २१ मार्च १९४५ ला जर्मन पाणबुडी यू-११९५ चा टॉर्पेडो बसला, ओढून आणताना खाडीत टेकलं. तळ २२ ते २४ मीटरवर, पुढचा भाग त्याहून बराच वर. शेजारीच 'स्किला' ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) आहे, ती २००४ साली मुद्दाम बुडवली.

विचारायचं हे: गॅसचा हिशेब कसा बदलतो, सूट कोणता, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र) आहे तोच चालेल का, वजन किती, आणि इथं मराठवाड्यात राहून नेमका कशाचा सराव करता येईल? 'उथळच तर आहे' असं गटात दोघांचं मत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगा.

गोदातीर (नांदेड)

आधी गॅस, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. २० मीटर धरून हिशेब मांडतो.

२० मीटरवर दाब ३ बार (बार हे दाबाचं माप, समुद्रसपाटीला १). गरम पाण्यात निवांत पोहणारा माणूस पृष्ठभागाच्या मापानं मिनिटाला २० लिटर हवा घेतो. थंड पाणी, जाड सूट, जास्त वजन, अंधुक उजेड हे सगळं जमेस धरून २५ लिटर घ्या. खाली ते ७५ लिटर होतात.

आता राखीव साठा. एकाची हवा संपली आणि दोघं एकाच सिलिंडरवर वर येताहेत असं धरायचं. घाबरलेला माणूस मिनिटाला ४० लिटर ओढतो, दोघांचे ८०.
खाली सावरायला २ मिनिटं: ८० × ३ × २ = ४८० लिटर.
मिनिटाला ९ मीटर वेगानं वर यायला अडीच मिनिटं, सरासरी दाब २ बार: ४०० लिटर.
५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा, दाब दीड बार: ३६० लिटर.
बेरीज १,२४० लिटर. तिकडं मिळणाऱ्या १२ लिटरच्या स्टीलच्या सिलिंडरमध्ये हे १०३ बार झाले. म्हणजे ११० बारला तळ सोडायचा. आपल्याकडं '५० बारला वर या' एवढंच डोक्यात बसलेलं असतं. ते पन्नास बार एकट्याला शांतपणे वर यायला पुरतील, दोघांना घाबरलेल्या अवस्थेत पुरणार नाहीत.

आणखी एक. दुकानात २३२ बार भरलेला सिलिंडर बहुतेक वेळा भरताना तापलेला असतो. ३० अंशांचा सिलिंडर १० अंशांच्या पाण्यात गेला की दाब २१७ च्या आसपास येतो. हवा गळलेली नसते, गार झालेली असते, पण काटा तेवढाच दाखवतो. मग वापरायला उरले १०७ बार, म्हणजे १,२८४ लिटर. ७५ नं भागा: सतरा मिनिटं. २० मीटरला डीकम्प्रेशनशिवायची मर्यादा (वर येताना टप्प्याटप्प्यानं सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येतं तेवढा वेळ) नेहमीच्या रिक्रिएशनल तक्त्यात ४५ मिनिटं आहे. तिच्या जवळपासही तुम्ही पोचत नाही. म्हणून 'उथळच तर आहे' म्हणणाऱ्या दोघांसमोर हा हिशेब ठेवा. इथं बुडी संपवते ती हवा किंवा थंडी.

मांजराकाठ (लातूर)

हिशेब वहीत उतरवून घेतला. मग ३ लिटरचा वेगळा सिलिंडर सोबत ठेवला तर?

गोदातीर (नांदेड)

ठेवाच. पोनी सिलिंडर म्हणतात तोच. वरच्या बेरजेत एका माणसाचा वाटा ६२० लिटर. ३ लिटरचा सिलिंडर पूर्ण भरलेला गार पाण्यात ६५० लिटर देतो. जेमतेम पुरतो, म्हणून तो अर्धा भरलेला घेऊन उतरण्यात अर्थ नाही. त्यावर स्वतःचा रेग्युलेटर, स्वतःचा दाबमापक. आणि तो सुटकेसाठी आहे, बुडी लांबवण्यासाठी नाही. हिशेबात धरायचाच नाही.

नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण) घेतलं तर ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बारच्या मर्यादेनं ३३ मीटरपर्यंत चालतं, पण एका सिलिंडरवर फायदा कमी. हवा आधी संपते.

वेरूळरोड (छत्रपती संभाजीनगर)

रेग्युलेटरबद्दल. युरोपात विकल्या जाणाऱ्या रेग्युलेटरला ईएन २५० हे मानक लागतं. थंड पाण्याच्या चाचणीतून न गेलेल्या रेग्युलेटरवर '१० अंशांहून जास्त' अशी खूण कोरलेली असते. फर्स्ट स्टेजवर, म्हणजे सिलिंडरला बसणाऱ्या भागावर, शोधा. खूण सापडली तर तो तारकर्लीसाठीच ठेवा आणि तिथून भाड्यानं घ्या.

का गोठतो ते समजून घेतलं की काय टाळायचं ते आपोआप कळतं. सिलिंडरमधली दोनशे बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये एकदम दहाएक बारवर येते. प्रसरण पावणारी हवा झपाट्यानं गार होते आणि भोवतालचं पाणी मुळातच गार असेल तर पिस्टन किंवा स्प्रिंगवर बर्फ धरतो. झडप उघडी अडकते आणि हवा धो धो वाहायला लागते. जितकी जास्त हवा एका वेळी ओढाल तितकी गारी जास्त. म्हणून:

सीलबंद डायफ्रॅमचा फर्स्ट स्टेज घ्या, ज्याच्या स्प्रिंगपर्यंत पाणी पोचत नाही. सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, धातूचा असेल तर चांगलं, धातू पाण्यातली ऊब आतल्या यंत्राला देतो. बोटीवर गार वाऱ्यात श्वास घेऊन तपासत बसू नका, श्वासातली वाफ आत गोठते. तपासायचं ते पाण्यात तोंड घातल्यावर. पर्ज बटण (सेकंड स्टेजमधून थेट हवा सोडणारं) दाबून धरू नका. बीसीडीत (तरंगणं सांभाळायला हवा भरायच्या जाकिटात) हवा भरताना छोट्या छोट्या टिचक्या द्या आणि त्याच क्षणी खोल श्वास ओढू नका. ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा सूट), बीसीडी आणि श्वास हे तिन्ही एकाच फर्स्ट स्टेजवर एकाच वेळी ओझं टाकतात, बहुतेक फ्री-फ्लो (हवा अशी धो धो वाहणं) नेमका तेव्हाच होतो.

झालाच तर: तोंडातून काढून फेकू नका. माउथपीस ओठात सैल धरा, जादा हवा बाजूनं जाऊ द्या, लागेल तेवढी घ्या. बडीला, म्हणजे जोडीदाराला, खूण करा, पोनीवर या, मग बडीकडून तो वॉल्व्ह बंद करून घ्या. २० मीटरवर १२ लिटरचा सिलिंडर दोन-चार मिनिटांत रिकामा होतो, तेव्हा विचार करायला वेळ नाही. हा क्रम हातात बसलेला पाहिजे.

जोडणीचंही विचारून ठेवा. आपल्याकडं बहुतेक योक, म्हणजे शिकंज्यासारखी बसणारी जोडणी. तिकडं डिन, आट्यांची. पुष्कळ सिलिंडरांत मधला तुकडा घालून दोन्ही चालतात, पण गृहीत धरू नका.

दुधनाकाठ (जालना)

सूट: १० अंशांना ड्रायसूटच. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथलं पाणी १६-१७ अंशांवर जातं, तेव्हा ७ मिलिमीटरच्या सेमीड्रायमध्ये (थोडंसंच पाणी आत येणाऱ्या सूटमध्ये) एक बुडी निभावते. एप्रिलात दुसऱ्या बुडीला माणूस थरथरत उतरेल. त्यात गंमत नाही आणि सुरक्षितताही नाही.

पण ड्रायसूट हे वेगळं वाहन आहे, अंगावर चढवला आणि उतरलो असं होत नाही. त्याचा कोर्स वेगळा आहे आणि चार गोष्टी त्यात पक्क्या झाल्या पाहिजेत.

एक, खाली जाताना सूट अंगाला आवळतो. नळीनं थोडी थोडी हवा द्यायची, फक्त आवळणं जाईल एवढीच. तरंगण्यासाठी बीसीडी वापरायचं की सूट, यावर शाळाशाळांत मतभेद आहेत. तुमचा प्रशिक्षक सांगेल ते धरा, दोन्ही अर्धे अर्धे करू नका.

दोन, डाव्या दंडावरचा वॉल्व्ह. वर येताना तो पूर्ण उघडा ठेवायचा आणि डावा दंड सगळ्यात उंच. दंड खाली राहिला तर हवा बाहेर पडत नाही.

तीन, हवा पायात जाणं. डोकं खाली, पाय वर झाले की सगळी हवा पायात सरकते, बूट फुगतात आणि वॉल्व्ह खाली राहतो. माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. लगेच गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, सरळ व्हायचं, दंड वर करायचा. पहिल्या दोन सेकंदांत केलं तर सोपं आहे, दहा सेकंदांनी अवघड.

चार, सूटची नळी अडकून हवा भरतच राहणं. एका हातानं नळी ओढून काढायची, दुसऱ्यानं वॉल्व्ह मोकळा. हेच जाड हातमोज्यांनी जमलं पाहिजे.

आत घालायला जाड थर्मल, घाम शोषून कोरडा ठेवणारा. सुती बनियन नको, ओला झाला की गारठतो. डोक्याला ५ ते ७ मिलिमीटरचं हूड. हात सगळ्यात आधी जातात. बोटं बधिर झाली की क्लिप उघडत नाही, सूटचं बटण सापडत नाही, दोरा कापता येत नाही. बोटांना अंगठा टेकवता येईना झालं की बुडी संपली. त्या वेळी काट्यावर कितीही बार असोत.

वजन: गरम पाण्यातल्यापेक्षा ४ ते ६ किलो जास्त लागतं. पण तुमचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर बुडी संपताना हलका होऊन वर ओढतो, स्टीलचा नाही. म्हणून इथला आकडा तिथं जसाच्या तसा लावू नका. सिलिंडरमध्ये ५० बार असताना, सूट मोकळा करून, डोळ्यांच्या पातळीला पाणी येईल असं वजन लावायचं. भरलेल्या १२ लिटरच्या सिलिंडरात हवेचंच वजन सव्वातीन किलोच्या वर असतं, त्यातलं बरंचसं बुडी संपेस्तोवर जातं.

तेरणा (धाराशिव)

वैद्यकीय बाजू राहतेय म्हणून लिहिते.

गार पाणी तोंडावर आणि मानेवर आदळलं की पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आपोआप जोरात चालतो. त्या वेळी खाली जाऊ नका. दोर धरून थांबा, श्वास ताळ्यावर आला की उतरा.

गार पाणी एका कानात आधी आणि दुसऱ्यात नंतर गेलं तर गरगरायला लागतं. हूड घातल्यावर दोन्ही बाजूंनी पाणी सारखं आत घ्या. गरगरलं तर दोर घट्ट धरून थांबायचं, एका मिनिटाच्या आसपास कानातलं पाणी कोमट होतं आणि डोकं ठिकाणावर येतं.

ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी हे नीट वाचा. थंड पाण्यात हातापायातलं रक्त छातीकडे सरकतं, फुप्फुसांत पाणी झिरपू शकतं. बुडीतच धाप लागते, खोकला येतो, कधी गुलाबी फेस येतो. पाणी नाकातोंडात गेलेलं नसतानाही. अशी धाप लागली की 'दम लागलाय, थोडं थांबू' असं करू नका. वर, पाण्याबाहेर, ऑक्सिजन, रुग्णालय. औषधं चालू असतील तर जाण्याआधी डॉक्टरांना बुडीचं स्पष्ट सांगून तपासणी करून घ्या. बोटीवर बसून दोन-दोन लिटर पाणी ढोसणंही बरं नव्हे. थोडं थोडं प्या.

शेवटचं, डीकम्प्रेशनचं. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगांत असं दिसलं की खाली उबदार आणि वर येताना गारठलेला, हा क्रम सगळ्यात वाईट. खाली रक्त खेळतं, नायट्रोजन शोषला जातो. वर येताना कातडीकडचं रक्त आटतं आणि तो बाहेर पडत नाही. थंड पाण्यात बुडी नेमकी अशीच घडते. म्हणून मनगटावरचा डाइव्ह संगणक जास्त सावध सेटिंगवर ठेवा, थांबा ३ ऐवजी ५ मिनिटांचा करा, आणि बाहेर आल्यावर लगेच कडकडीत पाण्याची अंघोळ नको.

बालाघाट (बीड)

तेरणाताई, छान सांगितलंत. मांजराकाठ दादा, सरावाचं म्हणाल तर गावाकडच्या विहिरी कशाला हायेत? पन्नास-साठ फूट खोल, पाणी काळोखं, तळाला गाळ. जहाजात जसं दिसत नाही तसंच. पोरं तर लहानपणापासून तळाची माती काढून आणायलेत. सिलिंडर घेऊन उतरायला काय हरकत?

गोदातीर (नांदेड)

बालाघाट भाऊ, पोहण्यासाठी विहीर आपली शाळाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सिलिंडर लावून शेतातल्या विहिरीत उतरायला माझा साफ विरोध आहे. कारणं मांडतो.

वीज. पाण्यात पाणबुडी मोटार, तिच्या वायरला टेप गुंडाळलेले जोड. पुष्कळ ठिकाणी ऑटो स्विच असतो. फीडरवर थ्री फेज आली की मोटार स्वतःहून सुरू होते. कोणी बटण दाबायला लागत नाही. उतरायचंच असेल, तर फ्यूज काढून बाहेरच्या माणसाच्या खिशात. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

हवा. पाण्याच्या वर, कठड्याच्या आत, जड वायू साचतो. कार्बन डायऑक्साइड वाढलेला, ऑक्सिजन कमी. कुणी आत डिझेल इंजिन चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड. डायव्हर वर येऊन रेग्युलेटर काढतो आणि पहिल्या दोन श्वासांत कोसळतो. कंदील खाली सोडून बघायची जुनी रीत आहे, पण कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली असं नाही. विषारी वायू त्याला कळत नाही.

बाहेर निघणं. उभ्या भिंतीच्या विहिरीतून पंधरा किलोचा सिलिंडर, वजनं आणि बेशुद्ध माणूस कसा काढणार? गावात बाज सोडून काढतात, त्याला चार माणसं आणि वेळ लागतो.

आणि उंची. लातूर, संभाजीनगर समुद्रसपाटीपासून ५५० मीटरच्या वर, नांदेडही ३५० च्या पुढं. ३०० मीटरच्या वर बुडी मारली की ती उंचीवरची बुडी धरतात, समुद्राचे तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. संगणकाला उंची कळते का ते बघावं लागतं.

यातून मिळणार काय? पाणी २४-२५ अंशांचं. थंडीचा सराव तिथं होतच नाही. आणि अंधाराचा सराव तरणतलावात काळा केलेल्या मास्कनं होतो.

बालाघाट (बीड)

ऑटो स्विचचं पटलं. विहीर रद्द. तरणतलावात नेमकं काय करावं ते सांगा, आमच्या इथल्या तलावाची खोली आठ-दहा फूटच हाय.

वेरूळरोड (छत्रपती संभाजीनगर)

आठ फूट पुरेशी आहे, तलाव बंद असताना वेळ मागून घ्या.

मास्कला आतून काळा कागद लावायचा. भिंतीच्या कडेनं, पायऱ्यांच्या कठड्याला, तळाला ठेवलेल्या वजनांना असा दोरा ओढायचा, तीन ठिकाणी वळण, दोन ठिकाणी गुंडाळी. अंगठा आणि तर्जनीच्या गोलात दोरा ठेवून, दुसरा हात पुढं धरून बाहेर यायचं. दोरा ओढायचा नाही, सरकवत जायचं. बडी मागून दंडाला धरतो. एकदा दंड दाबला थांब, पुढं ढकलला चल. हेच मग जाड बागकामाचे हातमोजे घालून करा. रील फिरवणं, क्लिप उघडणं, वॉल्व्ह बंद-चालू करणं, कात्रीनं मासेमारीची तंगूस कापणं. मोज्यांत सगळं वेगळंच लागतं.

डीएसएमबी म्हणजे वर सोडायचा फुगा, तोही आठ फुटांत सोडता येतो. दोरा रीलमध्ये अडकला तर रील सोडायची, धरून वर जायचं नाही. ही सवय इथंच लागते.

बेडकासारखी फ्रॉग किक घाला. सायकल मारल्यासारखे पाय हलवले तर तळाचा गाळ उठतो. तळाला आटा किंवा बारीक माती पसरायला तलाववाला परवानगी देणार नाही. एका बाजूला रंगीत रिबिनी बांधून ठेवा, त्या हलल्या की पाय चुकला.

ड्रायसूटचं मात्र इथं काही होत नाही. तिथं पोचल्यावर पहिले दोन दिवस कोर्ससाठी राखून ठेवा. तो विमा समजा आणि जहाज तिसऱ्या दिवशी.

नाथसागराचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढा. पक्षी अभयारण्य आहे, परवानगीचा प्रश्न आहे, आणि पाण्यात मासेमारीची जाळी आहेत.

आणि गॅरेजच्या टायरच्या कॉम्प्रेसरवरून नळीनं हवा घेऊन खाली जाणारे लोक दिसतात. त्या हवेत तेलाची वाफ आणि इंजिनाचा धूर असतो, गाळणी नसते. तिला श्वासाची हवा म्हणूच नये.

दुधनाकाठ (जालना)

सरावासाठी तारकर्लीला जाणार असाल तर परतीचं बघा. सकाळी दोन बुड्या आणि दुपारी गाडी काढून घाट चढणं, हे आपल्याकडं सर्रास चालतं. आंबोली ६०० मीटरच्या वर आहे आणि पुढं लातूरपर्यंत समुद्रपातळीजवळ खाली येणंच नाही. समुद्रातून निघून थेट उंचीवर राहायला जाणं म्हणजे तेच दाबाचं गणित. रात्री मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. विमानासाठी अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास धरतात.

मांजराकाठ (लातूर)

घाटाचं आम्ही कधी धरलंच नव्हतं. आता जहाजाबद्दल सांगा. उतरायचं कसं, वेळ कशी धरायची?

गोदातीर (नांदेड)

वेळ म्हणजे भरती-ओहोटी. शाळेच्या भूगोलात शिकलो तेच, उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण, तेव्हा प्रवाह जोराचा. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांग, तेव्हा प्रवाह कमी. पंचांग बघून आठवडा ठरवला तरी चुकणार नाही. दिवसात उतरायची वेळ म्हणजे स्लॅक, प्रवाह थांबतो तो काळ. लक्षात ठेवा, स्लॅक नेमक्या भरतीच्या किंवा ओहोटीच्या शेवटाला येतेच असं नाही. जागेप्रमाणे तास-दोन तास पुढंमागं असते. तिथला बोटवाला सांगेल ती वेळ खरी.

व्हिटसँड बे प्रवाहाच्या बाबतीत नरम आहे, पण उघडी आहे. नैर्ऋत्येकडून वारा आला की लाटा थेट आत येतात आणि तळाची वाळू उठते. आदल्या दोन दिवसांत तसा वारा झाला असेल तर बोट निघाली तरी खाली दीड-दोन मीटर दिसेल.

खाली जायचं ते शॉट लाइननं, जहाजाजवळ टाकलेल्या जड वजनाच्या दोरानं. तळाला पोचल्यावर दोराच्या पायथ्याशी चमकता दिवा बांधा. हिरव्या पाण्यात चार मीटरवरून मागं बघितलं तर सगळे लोखंडी पत्रे सारखे दिसतात. परत सापडला नाही तर शोधत हवा घालवू नका, फुगा सोडा आणि मोकळ्या पाण्यात वर या. बोटवाल्याला ते आधी सांगून ठेवायचं.

तळाला नाही, वरच्या अंगानं फिरा. हिशेब २० मीटरचा मांडला होता, १४ मीटरवर फिरलात तर तीच हवा जवळजवळ सव्वापट चालते.

तेरणा (धाराशिव)

आत शिरायचं का, हा प्रश्न अजून कुणी विचारला नाही.

गोदातीर (नांदेड)

माझं उत्तर, या गटानं नाही. ताई, बरं झालं विचारलंत.

'जेम्स ईगन लेन'चे पत्रे ऐंशी वर्षं समुद्रात आहेत, बाजू कोसळत चालल्यात. वरून उजेड येणाऱ्या मोकळ्या भागांतून पोहणं वेगळं आणि छप्पर असलेल्या खोलीत शिरणं वेगळं. 'स्किला' डायव्हरांसाठी म्हणून बुडवताना तिला भगदाडं पाडली होती, त्यामुळं लोकांना ती सोपी वाटते. पण आत गाळ साचलाय आणि आत अडकून माणसं गेलीत.

काय होतं ते सांगतो. आत शिरताना समोर स्वच्छ दिसतं. सोडलेले बुडबुडे छताला लागतात, गंजाचे पापुद्रे सुटून खाली पडतात. फिनचा फटका तळाला, गाळ वर. वळून बघितलं तर ज्या दारातून आलो ते दार नाही, तपकिरी भिंत आहे. गाळ बसायला तासभर लागतो, हवा पंधरा मिनिटांची. दोरा नसेल तर त्या पंधरा मिनिटांत दार हातानं शोधायचं. जे आत जातात ते बाहेर मोकळ्या पाण्यात एक गाठ, दाराच्या आत दुसरी गाठ मारून दोरा घेऊन जातात, तिसरा हिस्सा हवेत आत, तिसऱ्यात बाहेर, तिसरा राखीव, तीन टॉर्च, दोन सिलिंडर. त्याचं वेगळं शिक्षण आहे.

वेरूळरोड (छत्रपती संभाजीनगर)

बाहेरूनही धोका आहे तो जाळ्यांचा आणि तंगुसाचा. गळाची तंगूस पाण्यात दिसत नाही. दोन कापायची साधनं ठेवा, दोन्ही हातांना पोचतील अशी. एक छोटी जाड कात्री, एक आकड्यासारखा लाइन कटर. पिंडरीला बांधलेला मोठा सुरा उपयोगाचा नाही, उलट तोच अडकतो. अडकलात तर गोल फिरू नका, तंगूस आणखी गुंडाळते. थांबा, मागं सरका, बडीला खूण करा. बहुतेक वेळा अडकलेलं असतं ते सिलिंडरच्या वॉल्व्हला, तुम्हाला ते दिसतच नाही.

मांजराकाठ (लातूर)

ठरलं, आत नाही. पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांमधलं स्कापा फ्लो हे बंदर मनात आहे. तिथंही उथळ काही आहे का?

दुधनाकाठ (जालना)

आहे. २१ जून १९१९ ला तिथं नजरकैदेत असलेल्या जर्मन आरमाराच्या ७४ जहाजांपैकी ५२ खलाशांनी स्वतःच बुडवली. बहुतेक नंतर भंगारासाठी काढली, सात मोठी अजून तळाशी आहेत, पण ती खोल. उथळ म्हणजे ब्लॉकशिप, बंदराची तोंडं बंद करायला मुद्दाम बुडवलेली जुनी जहाजं. बरा साउंड या सामुद्रधुनीतली 'तबार्का', 'डॉयल' ही १२ ते १८ मीटरवर. पाणी स्वच्छ, पण प्रवाह असा की स्लॅक थोडा वेळच मिळते, तेवढ्यातच उरकायचं. पूर्वेकडं चर्चिल बॅरिअर्स या बांधांच्या कडेला जी आहेत ती दहा मीटरच्या आतली, किनाऱ्यावरून चालत उतरता येतं. बांध घातल्यामुळं तिथं प्रवाह नाही. ड्रायसूटच्या सरावाला याहून चांगली जागा नाही. पाणी हिवाळ्यात ६-७ अंश, उन्हाळ्याअखेर १३ पर्यंत.

'रॉयल ओक' युद्धनौका मात्र वर्ज्य. १४ ऑक्टोबर १९३९ ला तिच्यावर आठशेहून जास्त माणसं गेली, ती युद्धसमाधी आहे. १९८६ च्या कायद्यानं तिला संरक्षण आहे. आणि कुठल्याही जहाजावरून वस्तू उचलू नका. ब्रिटनमध्ये वर काढलेली प्रत्येक वस्तू २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याला कळवावी लागते. पितळी खिळासुद्धा.

बालाघाट (बीड)

एक शेवटचं. गटातल्या एकानं वापरलेला ड्रायसूट विकत घेतलाय. एप्रिलपर्यंत बीडच्या उन्हात तो ठेवायचा कसा?

दुधनाकाठ (जालना)

मान आणि मनगटाच्या लेटेक्स पट्ट्या हा त्याचा नाजूक भाग. उष्णता आणि ओझोन दोन्ही त्यांना खातात. मार्चमध्येच चाळीस अंश गाठणाऱ्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवला तर काही महिन्यांत पट्ट्या चिकट होतात, मग ताणल्या की फाटतात. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, खालच्या मजल्यावर, फ्रिज, इन्व्हर्टर आणि मोटारींपासून लांब ठेवा. त्या यंत्रांजवळ ओझोन तयार होतो. पट्ट्यांना बिनवासाची टाल्क पावडर लावा. खोबरेल, व्हॅसलीन, ग्रीस काहीही नको, तेलानं लेटेक्स जातं.

चेन पितळी असेल तर मेण घासून उघडी ठेवायची. प्लास्टिकची असेल तर बंद ठेवायची आणि फक्त टोकाला सिलिकॉन ग्रीसचा थेंब. घडी चेनवरून पाडू नका, सैल गुंडाळी करा. मध्ये एकदा काढून पट्ट्या बोटांनी ताणून बघा. बारीक भेगा दिसल्या तर निघण्याआधी बदलून घ्या. तिथं बोटीवर मानेची पट्टी फाटली तर त्या दिवसाची बुडी गेली, आणि पाण्याखाली फाटली तर १० अंशांचं पाणी थेट अंगावर येतं आणि सूटमध्ये तरंगायला हवा उरत नाही. म्हणून बीसीडीत एकट्यानं वर आणण्याइतकी हवा मावते ना, हेही वजनासकट तपासून घ्या.